‘शिकवले तरी परदेशीच जातात’ : मलावी आणि मोझांबिक काय सांगतात?

गरीब देशांत परदेशी मदतीने डॉक्टर आणि परिचारिका घडवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे, असे एक विधान सध्या सर्वत्र फिरते आहे. त्याच्या जोडीला तीन गोष्टी सांगितल्या जातात : शिकलेले टिकत नाहीत, परदेशी तज्ज्ञ चार दिवस येऊन जातात आणि कमी मुदतीत शिकवलेले लोक अर्धवटच राहतात.

पहिल्या मुद्द्यातली गळती खरी आहे, पण ती अटळ नाही. आफ्रिकेतल्या मलावी या देशात 2004 साली ब्रिटिश मदतीच्या आधारे आरोग्यसेवेसाठी आपत्कालीन मनुष्यबळ कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या, 11 संवर्गांच्या पगारात 52 टक्के भर घातली आणि स्थानिक माणसे तयार होईपर्यंत मोक्याच्या पदांवर परदेशी डॉक्टर नेमले. 2009 पर्यंत या संवर्गांतील कर्मचारी 5,453 वरून 8,369 झाले. हंडा भरता भरता भोकही बुजवले गेले, ही गोष्ट गळक्या हंड्याचे विधान करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

चार दिवसांच्या कार्यशाळांवरचा राग रास्त आहे. मलाही त्या पटत नाहीत. पण परदेशी भागीदारी म्हणजे तेवढेच नव्हे; देशातच शिक्षणाची सोय उभी करणे हाही तिचाच भाग. 1991 मध्ये मलावीतल्या ब्लांटायर शहरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू होईपर्यंत मलावीच्या विद्यार्थ्याला डॉक्टर होण्यासाठी देशाबाहेरच जावे लागे, आणि ऐन उमेदीची वर्षे जिथे गेली तिथेच त्याने संसार थाटला तर नवल नव्हते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. 1975 च्या स्वातंत्र्यानंतर मलावीशेजारच्या मोझांबिकमधून बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले. तेव्हा 1984 पासून त्या देशाने अनुभवी वैद्यकीय सहायकांना तीन वर्षे शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. मध्यरात्री बाळ आडवे आलेली बाई जिल्हा रुग्णालयात पोहोचते, तेव्हा टेबलापाशी बहुधा हाच माणूस उभा असतो. राजधानी मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयातील 2,071 सिझेरियन शस्त्रक्रिया तपासल्या, तेव्हा या सहायकांच्या आणि तज्ज्ञांच्या कामात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दुसऱ्या एका पाहणीत, जिल्ह्यांत नेमल्यानंतर सात वर्षांनी यांच्यापैकी 88 टक्के तिथेच होते. त्यांच्याबरोबर पाहणीत घेतलेल्या डॉक्टरांपैकी मात्र एकही उरला नव्हता. सहायकांची पात्रता परदेशात चालत नाही, हे टिकण्यामागचे एक कारण आहे. पण आपल्याच मुलखात मान मिळवून काम करणाऱ्या माणसाला केवळ अडकून पडलेला म्हणणे मला मान्य नाही.

गळक्या हंड्याच्या या विधानात एक रास्त प्रश्न दडलेला आहे, तो मात्र कोणी विचारत नाही. मलावीतच पुढे शिकून तयार झालेल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना सरकारी नेमणुकीसाठी ताटकळावे लागले, कारण पगाराच्या तरतुदीवर मर्यादा होती. वॉर्डात हात कमी आणि शिकलेली मुलगी घरी बसलेली, असे दृश्य असेल तर दोष तिच्या प्रशिक्षणाचा नाही. मदतीचा करार करतानाच शिक्षणाबरोबर पदे आणि त्यांचे पुढच्या दहा वर्षांचे पगार लिहून घेतले आहेत का, हे विचारायला हवे.