मुलाच्या खोलीचा रंग : लालबागच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

दम्याचा त्रास असलेल्या मुलाच्या खोलीला रंग कसा द्यावा, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. रंगानंतर मुलाला दोन आठवडे दुसरीकडे झोपवणे एका खोलीच्या घरात अशक्य आहे, डब्यावर ‘झिरो व्हीओसी’ (म्हणजे बाष्प होऊन हवेत मिसळणारी रसायने शून्य) लिहिलेले असताना इतकी काळजी अनाठायी आहे, आणि आपल्या चाळीत दर दिवाळीला रंग लागत असूनही कोणी आजारी पडले नाही.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. लिहिताना माझ्यासमोर स्वतंत्र बेडरूम असलेली घरे होती, ही माझी चूक झाली.

दुसऱ्याबाबत मात्र मी ठाम आहे, कारण त्याची किंमत माझ्या मुलीने मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही भिंतींना कमी वासाचा, पाण्यात मिसळणारा प्लास्टिक पेंट लावून घेतला आणि चौथ्या दिवशी तिला घरी आणले. त्याच रात्री तिला धाप लागली व नेब्युलायझर द्यावा लागला. सकाळी शोधल्यावर मोरीच्या माळ्यावर टर्पेंटाइनमध्ये भिजलेली फडकी सापडली, आणि दाराच्या चौकटीला ऑइलपेंट दिल्याचेही तेव्हाच कळले, कारण चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बोट अजून चिकटत होते. भिंतींच्या रंगाची मी दहा वेळा चौकशी केली होती, दाराची एकदाही नाही. डब्यावरचा शब्द त्या डब्यापुरताच खरा असतो. प्रायमर, थिनर, लाकडावरचा रंग आणि दुकानात छटेसाठी मिसळले जाणारे रंगद्रव्य यांची हमी तो देत नाही. शिवाय ‘वास कमी’ म्हणजे बाष्प कमी असे नेहमीच नसते, कारण काही रंगांत वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असतो आणि संवेदनशील मुलाला तोही बाधू शकतो.

चाळीविषयी आपण लिहिलेत ते मी आदराने वाचले. परंतु घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दर दिवाळीचे थर आपल्या दारावर अजून असतील, तर त्यांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असे दार पॉलिश पेपरने कोरडे घासू देऊ नये, कारण ती धूळ जमिनीवर बसते आणि मुलाच्या हातातून तोंडात जाते. साधा मास्क धूळ अडवतो, बाष्प नव्हे. कापलेला कांदा ठेवल्याने बाष्प निघून जात नाही, आणि स्प्लिट एसी तीच हवा खोलीत फिरवत राहतो.

आपल्या सहा वर्षांच्या नातवाला चार-पाच दिवसच मावशीकडे ठेवता येणार असेल, तर पुट्टी घासण्याचे काम पहिल्याच दिवशी उरकून ओल्या फडक्याने खोली पुसून घ्यावी. प्रायमर व रंग दोन्ही पाण्यात मिसळणारेच आणावेत, डबे आपल्यासमोर उघडायला सांगावेत, आणि उरलेला रंग व फडकी त्याच संध्याकाळी घराबाहेर काढावीत. खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावावा व समोरचे दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे ताजी हवा दारातून आत येईल. खिडकी पश्चिमेला असेल, तर दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा पंख्याच्या विरुद्ध जाईल, म्हणून पंख्याचा उपयोग सकाळी अधिक होईल आणि दुपारी तो बंद करून दार सताड उघडलेले बरे. भिंतीला ओल असेल, तर तिचे कारण दूर केल्याशिवाय रंग लावूच नये. ओलीवर बुरशी येते आणि दम्याच्या मुलाला तीही त्रासदायक ठरते.

नातू परत आल्यावरही पहिले काही दिवस त्याचे अंथरूण भिंतीपासून दूर, हवा येते तिथे घालावे. त्याचा पंप हाताशी ठेवावा, आणि तारीख ठरवण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना विचारावे. दाराला यंदा रंग लागला नाही तरी चालेल.