बिल आहे का?

जंगल वाचवणाऱ्या संस्थेत नोकरी करतो म्हटलं की समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मी लगेच उघड्या जीपमध्ये उभा राहतो. गळ्यात दुर्बीण, अंगात खाकी, मागे सूर्यास्त वगैरे. पुढचे दोन प्रश्नही ठरलेले. ताडोब्याचं बुकिंग करून देशील का, आणि पगार मिळतो का? दोन्हींची उत्तरं मी हळू आवाजात देतो.

प्रत्यक्षात आमची संस्था गोरेगावात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत नांदते. खिडकीतून शेजारच्यांचे एसी दिसतात आणि एसीवर कबुतरं. नोकरीच्या जागी दिसणारं वन्यजीवन एवढंच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरावर चौरस किलोमीटर जंगल तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे, पण मार्च महिन्यात तिकडे जायला फुरसत कोणाला? मार्चमध्ये आम्ही सगळे बिलं शोधत असतो.

बिलं मागतात अकाउंट्सच्या ताई. बिबट्या समोर आला तर पळू नका, खाली वाकू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून शांतपणे मागे सरका, असं आम्ही वस्त्यावस्त्यांत जाऊन शिकवतो. ताईंच्या टेबलावरून जाताना आम्ही हेच नियम पाळतो. त्यांचा दोष नाही म्हणा. त्यांच्यामागे सीए आहेत, सीएंच्या मागे देणगीदार आणि देणगीदाराच्या मागे सरकार. अन्नसाखळी म्हणतात ती हीच.

अडचण अशी की जंगलात बिल मिळत नाही. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावायला पोरं पहाटे आरेच्या जंगलात जातात, टपरीवर चहा-वडापाव खातात. टपरीवाल्याकडे जीएसटी क्रमांक मागितला तर तो पुढच्या वेळी चहा देत नाही. पेन्सिल सेलचं बिल असतं, पण ताई विचारतात, "एवढे सेल? खाता की काय?" पोरं शपथेवर सांगतात की कॅमेरे खातात. एकदा कोणीतरी व्हाउचरवर 'झिपच्या पिशव्या, विष्ठा गोळा करण्यासाठी' असं प्रामाणिकपणे लिहिलं. सीएंनी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहून कागद परत पाठवला: 'कोणाची?' बिबट्याच्या विष्ठेतल्या केसांवरून त्याने काय खाल्लं ते कळतं, हे त्यांना समजावण्यात एक दुपार गेली. त्यानंतर त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही.

पाड्यावरच्या दादांची गोष्ट तर वेगळीच. बिबट्या कोणत्या वाटेने जातो हे आमच्या पीएचडीवाल्यांआधी त्यांना ठाऊक. आत शिरण्याआधी ते वाघोबाला नारळ फोडतात. वारली माणसं पिढ्यान् पिढ्या वाघोबाला पुजत आली आहेत आणि बिबट्याही वाघोबातच जमा. आता हा नारळ कोणत्या खात्यात टाकायचा? धार्मिक खर्च अनुदानात बसत नाही. शेवटी, खोबरं सगळ्यांनी मिळून खाल्लं असल्यामुळे तो 'अल्पोपाहार' झाला. उदबत्ती मात्र सरांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, खिशातून भरली.

पगाराचं दुखणं जुनंच आहे. "आम्ही पैसे जंगलासाठी देतो, प्रशासनासाठी नाही," असं देणगीदार फार गोड आवाजात सांगतात. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती मर्यादा २० टक्क्यांवर आली. प्रत्येक तिमाहीचा अहवाल मात्र सगळ्यांना हवा असतो. तो बिबट्या लिहीत नाही. लाइटबिलही भरत नाही.

पण मार्चचा खरा उत्सव म्हणजे कंपन्यांचे फोन. २०१३ च्या कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणून विसाव्या तारखेनंतर अचानक सगळ्यांना झाडं लावायची इच्छा होते. परवा अशाच एका ताज्या उत्साहाच्या मॅडम म्हणाल्या, "हजार झाडं, याच शनिवारी. स्टाफ येईल, टी-शर्ट छापलेत."

सर म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये रोप लावलं तर एप्रिलमध्ये त्याची काडी होते. पाऊस पडू द्या."

"मग ५ जून? पर्यावरण दिन?"

"मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो."

फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. पाऊस सहा दिवस अलीकडे घेता येईल का, असा विचार तिकडे चालू असावा. मग, "गुलमोहर लावू या ना, फोटोत छान येतो." गुलमोहर मादागास्करहून आलेला, आपल्या जंगलात त्याचं काम नाही, हे सरांनी सांगितलं. "मग तो इतका आपल्यासारखा कसा वाटतो?" या प्रश्नावर सरांनी फोन माझ्याकडे दिला.

कशीबशी गाडी झाडांवरून कॅमेरा ट्रॅपवर आली. मॅडमनी फॉर्म पाठवला. त्यात रकाने: लाभार्थ्यांची संख्या, पुरुष, स्त्री, लाभार्थ्यांच्या सह्या. आम्ही ऑफिसभर चर्चा केली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार याच जंगलात आहेत, तेव्हा ते पाणी पिणारे सगळे लाभार्थी, असं सरांनी बाणेदारपणे लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: 'सर्वांच्या सह्या जोडाव्यात.'

इथे ताई उठल्या. त्यांनी पोरांना विचारलं, "दोन बिबट्यांचे ठिपके सारखे असतात का रे?"

"नाही ताई. त्यावरूनच तर आपण ओळखतो."

"मग ती सहीच झाली."

त्यांनी कॅमेरा ट्रॅपचे फोटो छापले, डावी बाजू आणि उजवी बाजू, प्रत्येकावर संस्थेचा गोल शिक्का मारला, फाइलला जोडले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'लाभार्थी: स्त्री, १'. बिबट्याच्या दोन्ही बाजूंचे ठिपके वेगवेगळे असतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात. हे ताईंना माहीत होतं. कंपनीच्या ऑडिटरला नव्हतं.

चौथ्या दिवशी फाइल परत आली. शेरा होता: 'एकाच लाभार्थीच्या दोन सह्या जुळत नाहीत. तिला समक्ष पाठवावे.'