बांगडीला हात लावायचा नाही

विधवा प्रथा बंद करण्याच्या ठरावांवरच्या तुमच्या लेखात 'असे ठराव कागदावरच राहतात' म्हटलंय, ते निम्मंच पटलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा (नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं) बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. तेव्हा मीही हसले होते, कबूल करते.

गेल्या वर्षी काका गेले. दहाव्याला नदीवर दोन म्हाताऱ्या सवयीने काकूचा हात धरून पुढे आल्या. चुलतबहीण मध्ये उभी राहिली, "बांगडीला हात लावायचा नाही." आता भांडण होणार असं वाटलं, पण कुणी काहीच बोललं नाही. (गुरुजींनी फक्त घड्याळ बघितलं.) काकूच्या हातात आजही त्याच हिरव्या बांगड्या आहेत, एक जरा चिरलेली.

हळदीकुंकवाचं आमंत्रण मात्र तिला कुणाकडूनच येत नाही. यंदा संक्रांतीला मी बोलावलं, तर दोन शेजारणी 'कुकर लावायचाय' म्हणत वाण न घेताच उठल्या. तिसरी बसून राहिली. तिने काकूपुढे कपाळ केलं, काकूचं बोट करंड्यापाशी अडखळलं, मग लावलं कुंकू.

त्या दोघींना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार आहे. कुकर आधीच लावून या म्हणावं!