समासातील गुन्हेगार

परवा एका वाचनालयात माझ्यावर सार्वजनिक ग्रंथ विद्रूप केल्याचा आळ आला. ग्रंथाचा विषय होता, मध्ययुगीन युरोपातील मठवासी धर्मग्रंथांवर टिपणे कशी करीत. आतल्या रेघा निळ्या बॉलपेनाच्या होत्या, माझ्या हातात पेन्सिल होती आणि ती माझ्याच वहीत चालली होती. परंतु समोर वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या गृहस्थांना असल्या बारकाव्यांत रस नव्हता.

"पेन्सिल कशाला आणलीत?" त्यांनी साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

"टिपणे काढायला."

"म्हणजे कबूल आहे."

"माझ्या वहीत, काका."

"आज वहीत, उद्या पुस्तकात. माणसाचा हेतू पाहायचा असतो."

मग त्यांनी खिशातून खोडरबर काढले आणि माझ्या परवानगीची वाट न पाहता निळी रेघ खोडायला घेतली. रेघ जागची हलली नाही. वरचा छापील मजकूर तेवढा पुसट झाला. "बघा, किती दाबून लिहिलंय!" ते म्हणाले.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात ख्रिस्ती मठवाश्यांसाठी लिहिलेल्या नियमावलीच्या 48व्या प्रकरणात अशी तजवीज आहे की, वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फिरावे आणि कोणी वाचन सोडून आळसात वा गप्पांत रमला आहे का, ते पाहावे. हे पद आमच्या वाचनालयात कोणी न नेमताच भरले गेले आहे. बेनेडिक्टचे ज्येष्ठ न वाचणाऱ्याला पकडत, आमचे वाचणाऱ्याला पकडतात, एवढाच काय तो फरक.

त्यांच्यापुढच्या वर्तमानपत्रातील, अर्थात वाचनालयाच्याच, शब्दकोडे पेनाने निम्मे भरलेले होते. मी ते नम्रपणे दाखवले. "ते वेगळं. कोडं भरण्यासाठीच छापलेलं असतं," ते शांतपणे म्हणाले.

मठवाश्यांचेही पानाच्या समासाबद्दल, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेबद्दल, नेमके हेच मत होते, हे त्यांना कोण सांगणार? बाराव्या शतकात बायबलच्या सटीप प्रतींची पाने मुळातच अशी आखली जात की, मूळ वचन मध्ये मोठ्या अक्षरात, आणि भाष्य दोन्ही बाजूंना व ओळींच्या मधल्या फटींत बारीक अक्षरात बसावे. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथील, बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रांच्या लॅटिन प्रतीत आठव्या शतकातील आयरिश मठवाश्यांनी आपल्या भाषेत टिपणे भरली. आज प्राचीन आयरिश भाषेचे व्याकरण अभ्यासकांना कळते, त्यात या टिपणांचा वाटा फार मोठा आहे. तिथे आमचे काका खोडरबर घेऊन बसले असते, तर तेवढे व्याकरण जगातून गेले असते. इंग्लंडात वूस्टरच्या मठसंग्रहातील जुन्या इंग्रजी हस्तलिखितांत तेराव्या शतकातील एका वाचकाने थरथरत्या, डावीकडे कललेल्या अक्षरात सुमारे 50,000 टिपणे लिहिली, त्यांतील बहुतेक लॅटिनमध्ये, कारण तोवर ती जुनी इंग्रजी वाचणे अवघड झाले होते. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, ही मला त्याची दूरदृष्टी वाटते.

माझे नाव मात्र कार्डावर होते. ग्रंथपालांनी काकांची साक्ष ग्राह्य धरली, माझ्याकडून दंड घेतला आणि 'रेघा आढळल्या' अशी नोंद लाल शाईने पुस्तकाच्या पहिल्याच पानावर केली. खाली सही केली, आणि शिक्का उमटवला तो बरोबर लेखकाच्या नावावर. पावती मागितली, तर पावतीपुस्तक संपले होते.