हर्निया, पण वरचा

रात्री अडीचला छातीत जाळ झाला आणि घशाशी आंबट पाणी आलं. मी घाबरलो ते हृदयाला. आदल्या रात्री साडेदहाला चापलेलं सावजी मटण मला आठवलंच नाही, हिला आठवलं. तरी बिचारीने आधी ईसीजी काढायला नेलं. तो चांगला निघाला आणि माझी रवानगी धंतोलीत, पोटाच्या डॉक्टरांकडे झाली.

घशात कडू फवारा, दातांत प्लास्टिकचं कडं, डाव्या कुशीवर मी आणि आत दुर्बीण. निकाल : हायटस हर्निया, लहानसा. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला एक भोक असतं, त्यातून अन्ननलिका खाली उतरते. ते सैल पडलं की जठराचा वरचा भाग छातीत डोकावतो, तिथली झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर चढतं. ऑपरेशनची गरज नव्हती.

पण हे डॉक्टरांना कळतं, नातेवाइकांना नाही. हर्निया म्हटलं की समोरच्याची नजर सरळ माझ्या लेंग्याच्या नाडीकडे जाते.

"काहून जी, वजन उचललं असन?" मावशींनी डोळे खाली ठेवूनच विचारलं. शेजारचे काका तर स्वतःचा जुना हर्नियाचा पट्टा घेऊन आले. पोट आवळलं की आम्ल आणखी वर येतं, हे त्यांना पटेना. "बांधून तं पाहा!"

उपाय साधे. गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवण आणि झोप यांत 3 तास. पलंगाचे उशाकडचे पाय 6 इंच उंच. नुसत्या उशा रचल्या तर पोट मुडपतं. म्हणून विटा लावल्या. आता आम्ही दोघं रात्रभर घसरगुंडीवर असतो. पहाटे माझे पाय पलंगाबाहेर आणि ही पायथ्याशी गोळा होऊन, माझ्या पोटाला काहीबाही बोलत. तर्री बंद, आणि मला आंबट सोसत नाही म्हणून नागपुरात राहून संत्रंही बंद!

रविवारी मेहुण्याने पोह्यांच्या ठेल्यावर नेलंच. पोहेवाल्याने तर्रीचा डाव उचलला तसा हा ओरडला, "भाऊजींले तर्री नोको, हर्निया हाये!"

डाव हवेतच थांबला. पोहेवाल्याने खाली पाहिलं. रांगेतल्या चौघांनीही पाहिलं.

"तिकडं नाही बे," मेहुणा म्हणाला, "वर पाह्य!"