ब्रेनच्या शेकाबद्दल फिरणारा तो मेसेज

या आठवड्यात तीन जणांनी मला एकच व्हॉट्सॲप मेसेज पाठवला, मी रेडिएशनच्या मशीनवर टेक्निशियन आहे म्हणून. थोडक्यात त्यात असं आहे: फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये डोक्यात काही नसतानाच डॉक्टर ब्रेनला शेक, म्हणजे रेडिएशन, देतात, त्याने माणूस वेडा होतो, आता इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) आलीय त्यामुळे शेक लागतच नाही, अगदीच वेळ आली तर गॅमा नाइफ घ्या, आणि शेक चालू असेल तर नातवंडांना जवळ येऊ देऊ नका. सोमवारी एक काकू हे वाचून, शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालतात तो मास्क बनवायच्या दिवशीच, काकांना परत घरी घेऊन गेल्या. म्हणून लिहायला बसले.

"डोक्यात काही नसताना" याबद्दल आधी. हा कॅन्सर फार पटकन ब्रेनमध्ये जातो आणि केमोची औषधं तिथे नीट पोचत नाहीत, त्यामुळे छातीतला आजार विरघळला तरी डोक्यात लपलेलं काहीतरी राहतं आणि काही महिन्यांनी वर येतं. म्हणून आधीच शेक द्यायची पद्धत आली, साधारण 10 दिवस, एकूण 25 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप). 1999 मध्ये 7 ट्रायलमधल्या 987 पेशंटचा हिशोब एकत्र केला गेला, छातीतला आजार पूर्ण गेलेले सगळे. तीन वर्षांत ब्रेनमध्ये आजार येण्याचं प्रमाण साधारण 59 टक्क्यांवरून 33 वर आलं आणि तीन वर्षं जगणारे 15.3 टक्क्यांचे 20.7 झाले. आकडा छोटा वाटेल, पण या आजारात तो छोटा नाही.

आता जे खरं आहे तेही सांगते. आजार छातीबाहेर पसरलेल्या पेशंटमध्ये 2007 च्या युरोपातल्या ट्रायलने शेकाचा मोठा फायदा दाखवला, पण तिथे आधी एमआरआय करणं सक्तीचं नव्हतं. मग जपानमध्ये एमआरआय क्लिअर असलेल्या 224 पेशंटवर ट्रायल झाली, 2017 मध्ये छापली, आणि शेक घेतलेल्यांचा जगण्याचा मध्यक (निम्मे पेशंट याहून जास्त जगले असा आकडा) 11.6 महिने आला, न घेतलेल्यांचा 13.7. म्हणजे अशा पेशंटला शेक टाळून नुसतं लक्ष ठेवणं हा चांगला पर्याय आहे, डॉक्टरांना नक्की विचारा. फक्त मेसेजवाल्याने यातला अर्धा भाग गाळलाय: त्या न घेतलेल्यांचा पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी एमआरआय होत होता. गावाकडून सहा तास एसटीने येणाऱ्या माणसाला हे जमणार आहे का, पैसे, सोबत कोण येणार, हे सगळं धरूनच ठरवावं लागतं. शेक नको आणि एमआरआयही नको, हा पर्याय चांगला असल्याचं कुठल्याच ट्रायलने दाखवलेलं नाही.

"वेडा होतो". नाही होत. थकवा येतो, केस जातात, आणि विसरायला होतं, हे खरंय, साठीच्या पुढे जास्त, ते लपवू नये. पण त्यावर कामही झालंय. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग वाचवून शेक देता येतो, सोबत मेमँटिनच्या (स्मरणशक्ती जपायच्या औषधाच्या) गोळ्या देतात. ब्रेनमध्ये कॅन्सर गेलेल्या 518 पेशंटच्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये अशाने बुद्धी-स्मरणशक्ती खालावण्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. स्मॉल सेलमध्ये मात्र स्पेनच्या ट्रायलला फायदा दिसला आणि नेदरलँड्सच्या ट्रायलला दिसला नाही, त्यामुळे चमत्कार म्हणणार नाही. आणि दुसरी बाजूही बघा ना, ब्रेनमधल्या गाठी तशाच सोडल्या तर फिट येते, बोलणं अडखळतं, आणि विसरायला तर त्यानेही होतं.

इम्युनोथेरपीचं तर उलटंच आहे. 2024 मध्ये डुर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची जी ट्रायल गाजली, छातीपुरत्या आजारात जगण्याचा मध्यक 33 महिन्यांवरून जवळजवळ 56 वर गेला, त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशंटनी आधी ब्रेनचा शेक घेतलेला होता! दोन्ही एकमेकांच्या जागी नाहीत.

गॅमा नाइफ म्हणजे नेम धरून एकेका गाठीला मोठा डोस. गाठी मोजक्या असतील तर स्मॉल सेलमध्येही आता देतात, 2020 मध्ये अशा 710 पेशंटची माहिती आली, जगणं कमी झालेलं दिसलं नाही, पण नव्या गाठी पूर्ण ब्रेनच्या शेकापेक्षा लवकर आल्या. म्हणजे पुन्हा एमआरआयच्या वाऱ्या आल्याच. आणि डोक्यात काही नसेल तर नेम कशावर धरणार?

नातवंडांचं एका ओळीत: मशीन बंद झालं की किरणं संपली, अंगात काही उरत नाही, मांडीवर घ्या.

त्या काकूंना काल फोन केला. काकांच्या एमआरआयमध्ये वीसच्या वर डाग आहेत, उजव्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नाहीये दोन आठवड्यांपासून. म्हणजे मेसेजमधला "काही नसताना" हा मुद्दा त्यांना लागूच नव्हता, आणि गॅमा नाइफचाही नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, मास्कमध्ये श्वास कोंडतो का गं? म्हटलं नाही काकू, जाळीचा असतो, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ठेवतो, ओला कोमट टॉवेल ठेवल्यासारखं वाटतं, पाच-दहा मिनिटांत घट्ट होतो. तोवर मी त्यांच्या बाजूलाच उभी असते. गुरुवारी साडेनऊची वेळ पुन्हा लावलीय.