बी.ए. वाया कशी घालवावी

बारावीला टक्के कमी पडले म्हणून कला शाखेला आलात ना? उत्तम. कुणी विचारलेच तर ‘स्पर्धा परीक्षेला बरं पडतं’ एवढं सांगायचं. या एका वाक्यावर सातारा-सांगलीकडे निम्मी तरुणाई आरामात निघते.

पहिलं पथ्य वर्गाचं. तिकडे फिरकायचं नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी झेरॉक्सच्या दुकानातून अपेक्षित प्रश्नसंच घ्यायचा. मूळ पुस्तक उघडलंत तर प्रश्नसंचात नसलेलं काहीतरी कळायचा धोका असतो. प्रकल्पासाठी आदल्या वर्षीची फाईल मिळवा आणि गावाचं नाव बदला. कोरेगावचं तासगाव केलंत तर घेवडा काढून द्राक्षं घालायला मात्र विसरू नका. पकडले जातात ते इथेच.

इतिहासवाल्यांनी मोडीच्या वाटेला जाऊ नये. अक्षरं काही आठवड्यांच्या सरावाने लागतात, पण ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द तोडलेले नाहीत, लघुरूपं डोकं खातात आणि जुन्या कागदांवरच्या शुहूर सन या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत. एवढा ताप कशाला? २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मोडीतली दप्तरं ढिगाने आणि वाचणारे मोजके, अशी गत झाली. त्या वेळी इतिहासाचे पदवीधर अभ्यासिकेत बसून हीच बातमी चालू घडामोडींत पाठ करत होते. भूगोलवाल्यांनीही क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नये. ते फुकट मिळतं, म्हणजे त्यात दम नसणारच. जतच्या एखाद्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र स्वतः आखता आलं तर उगाच कुणीतरी कामाला बोलवायचं.

आता तयारीकडे वळू. इथे घाई वर्ज्य. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. सरकारनेच एवढी सवड दिलीय. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, भाषांचे दोन वेगळेच. म्हणजे मुद्दा मांडून, पुरावा देऊन, वेळेत सलग पानं लिहायची. हे बी.ए.च्या तीन वर्षांत शिकता आलं असतं, पण तुम्ही ते पथ्यपाण्याने टाळलंत. हरकत नाही. तेच आता ‘उत्तरलेखन बॅच’ म्हणून पैसे भरून मिळतं. (कला शाखेतून खात्रीने पोट भरणारा एक धंदा आहे, तो हाच. फक्त त्यात तुम्ही गिऱ्हाईक असता.)

मधल्या काळात सुटेल ती जाहिरात भरा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाची फी हजार रुपये. गणित करत बसू नका, ते विज्ञानवाल्यांचं काम.

बॅच, फी, वय सगळं संपलं की प्राध्यापकी उरतेच. एम.ए. करा, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. दोन्हींत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. हा सल्ला खरा आहे, वापरून घ्या. पुढे पीएच.डी. आणि त्यानंतर तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी: जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. पदवी वर्गाच्या तासाला ९०० रुपये, आठवड्याला साधारण नऊ तास. ऐकायला बरं वाटतं. पण दिवाळीची सुटी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीची ड्यूटी या दिवसांत तास होत नाही, आणि तास नाही तर पैसेही नाहीत. सत्र संपलं की नेमणूक संपते; जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाईल, पुन्हा सगळ्या झेरॉक्सवर सही.

एक काळजी तेवढी घ्या. तासिकांच्या नोंदीवर विभागप्रमुखांची सही महिन्याच्या महिन्याला घेऊन ठेवा. बिल अडकतं ते अनुदान न आल्यामुळे, पण सही राहिली असेल तर ते तुमच्यामुळे अडकलं असं ठरतं.